उत्तर तुमच्या ताज्या कलमात आहे

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 36, एका मोठ्या संस्थेच्या रेकॉर्ड विभागात नऊ वर्षं नोकरी. सरकारी खात्यातल्या कनिष्ठ अधिकारीपदासाठी त्यांनी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो मुलाखतीआधीच्या चाळणीत बाद झाला. शिक्षण बसतं, अनुभव बसतो. घोडं अडतं ते कॉम्पिटन्सीच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामातली क्षमता तपासणाऱ्या, प्रश्नांपाशी. 'इतरांच्या सहकार्याने एखादं काम तडीस नेल्याचा प्रसंग सांगा', 'कामाची एखादी पद्धत सुधारली असेल तर उदाहरण द्या' असे चार प्रश्न, प्रत्येकाला 250 शब्द. त्या लिहितात, 'ताई, मी मोठं असं काही केलेलंच नाही. जे केलं ते सगळ्यांनी मिळून केलं, त्यात मी-मी करणं मला जमत नाही.' निवड झालेली एक मैत्रीण म्हणते, माझी उत्तरं घे आणि तपशील बदल. भाचा म्हणतो, एआयला सांग, दोन मिनिटांत लिहून देईल. पैसे घेऊन लिहून देणारेही आहेत. नव्या जाहिरातीची मुदत बारा दिवसांवर आली आहे. काय करावं?

आणि शेवटी: 'ता. क. पत्र पाठवायला उशीर झाला, कारण ऑफिसातल्या दोघींच्या भांडणात गेले दोन महिने मीच मध्ये सापडले होते. एक आडनाव आधी लिहायची, दुसरी नाव आधी, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी निघत होत्या. आता मिटलंय.'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सोबत जोडलेलं जुनं उत्तर पाहिलं आणि तुम्हाला बाद करणाऱ्यांचा मला अजिबात राग आला नाही. अशा अर्जांच्या चाळणीला मी काही वर्षं बसले आहे. मीही तेच केलं असतं. दुसऱ्या वाचनात ताज्या कलमापाशी पोचले आणि कपाळाला हात लावला. ज्या बाईने हे लिहिलंय, तीच वर म्हणते की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही!

आधी ते जुनं उत्तर पाहू. तुमच्या परवानगीने त्यातल्या चार ओळी इथे देते.

'आमच्या विभागात संगणकीकरणाचा महत्त्वाकांक्षी प्रकल्प राबविण्यात आला. त्यामध्ये मी सक्रिय सहभाग घेतला. सर्व सहकाऱ्यांनी एकजुटीने प्रयत्न केल्यामुळे काम विहित मुदतीत पूर्ण करण्यात आले. मला टीमवर्कची आवड असून मी सर्वांशी मिळूनमिसळून वागते.'

यात खोटं काही नाही. पण राबविण्यात आला, तो कोणी राबवला? पूर्ण करण्यात आले, कोणी केले? 'सक्रिय सहभाग' म्हणजे तुम्ही याद्या केल्या, लोकांना शिकवलंत, की बैठकांना हजर राहिलात? कागद वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. दोष सगळा तुमचाही नाही. परिपत्रकं वाचून वाचून आपल्या लिहिण्यात ही 'करण्यात आले'ची भाषा मुरलेली असते. तिची खुबीच अशी की काम होतं आणि करणारा दिसत नाही. परिपत्रकाला ते शोभतं. तुमच्या अर्जात मात्र करणारा दिसला नाही, तर मार्क द्यायचे कोणाला?

मार्क हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आपल्याला वाटतं, हा आपली ओळख करून द्यायचा निबंध आहे. प्रत्यक्षात ती उत्तरपत्रिका असते. शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं शेवटचं उत्तर लिहिलं तर बाई मार्क कापायच्या, आठवतं? मार्क स्टेप्सना असायचे. इथेही तसंच आहे. 'काम मुदतीत पूर्ण झाले' हे शेवटचं उत्तर झालं. स्टेप्स कुठे आहेत?

असे प्रश्न विचारायची रीत कुठून आली ते कळलं, तर काय लिहायचं हेही उमगतं. जॉन फ्लॅनगन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या लष्करी हवाई दलासाठी काम करत होते. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या वैमानिकांची कागदपत्रं त्यांच्या पथकाने तपासली, तर कारणं अशी लिहिलेली: 'उड्डाणाची उपजत क्षमता नाही', 'स्वभाव योग्य नाही', 'निर्णयशक्ती कमी'. सगळे गोल शेरे. त्यावरून ना निवड सुधारता येत होती, ना प्रशिक्षण. मग त्यांनी मतं विचारणं सोडून प्रसंग विचारायला सुरुवात केली: नेमकं काय घडलं, त्या माणसाने तेव्हा काय केलं? 1954 साली त्यांनी ही पद्धत शोधनिबंधात मांडली. पुढे 1973 मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापन चाचण्यांऐवजी प्रत्यक्ष कामातली क्षमता तपासा असा आग्रह धरला, आणि 'कॉम्पिटन्सी' हा शब्द भरतीच्या दुनियेत रुजला.

म्हणजे तुमच्यासमोरचा प्रश्न मुळात गोल शेऱ्यांना कंटाळूनच जन्माला आलाय. आणि आपण त्याला उत्तर काय देतो? 'मी मेहनती व प्रामाणिक आहे.'

आता तुमच्या संकोचाकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. 'मी-मी करणं जमत नाही', असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, 'मी' या शब्दाने बिचाऱ्याने काही बिघडवलेलं नाही. त्याच्यापुढे काय येतं ते बघा. 'मी'पुढे विशेषण आलं की ती बढाई होते: मी कष्टाळू आहे, मी उत्तम संवादक आहे. 'मी'पुढे क्रियापद आलं की ती माहिती होते: मी मोजलं, मी विचारलं, मी थांबवलं. गंमत अशी, की नम्र म्हणवणाऱ्या तुम्ही त्या चार ओळींत स्वतःला विशेषणं लावून मोकळ्या झालात आणि क्रियापदं मात्र सगळ्यांमध्ये वाटून टाकलीत!

आणि 'आम्ही' लिहिणं जास्त प्रामाणिक, हेही तपासून बघा. पाच जणांच्या कामाबद्दल 'आम्ही आराखडा बनवला' असं लिहिलंत आणि आराखडा एकटीने दुसऱ्याच कोणी बनवलेला असला, तर तुम्ही तिच्या कामात नकळत वाटा घेतला. 'आराखडा एका सहकारिणीने बनवला, मी तो तीन विभागांना समजावून दिला', हे जास्त खरं आहे. यात तुमचं श्रेय वाढत नाही, तिचंही घटत नाही.

दुसरा गैरसमज 'मोठं काही केलेलं नाही' हा. मोठं मागितलंय कोणी? ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसचं उदाहरण घेते, कारण त्यांची मोजपट्टी सगळ्यांना वाचायला खुली आहे. 2018 मध्ये त्यांनी जुनी कॉम्पिटन्सीची चौकट बदलून 'सक्सेस प्रोफाइल्स' आणली. त्यात नऊ 'बिहेवियर्स', म्हणजे कामातल्या वागण्यातून दिसणाऱ्या क्षमता, आहेत, आणि प्रत्येकीचं वर्णन पदाच्या पायरीप्रमाणे वेगळं आहे. एकत्र काम करणं म्हणजे काय, हे अगदी खालच्या पायरीसाठी एक सांगितलंय आणि संचालकासाठी दुसरं. कनिष्ठ पदासाठी कोणी तुमच्याकडून धोरण बदलल्याची कथा मागत नाही. उलट तशी सांगितलीत तर वाचणारा विचारतो, यात बाईंचं स्वतःचं काम कुठलं? त्या उत्तरांना 1 ते 7 गुण देतात आणि 4 म्हणजे 'समाधानकारक'. पायरीला साजेसं, नीट सांगितलेलं साधं उदाहरण तिथे पोचू शकतं. उदाहरण नोकरीतलंच हवं असाही तिथे हट्ट नाही. घरच्या आजारपणात सगळी व्यवस्था लावली असेल, संस्थेत विनामोबदला काम केलं असेल, तेही चालतं. वाचकांपैकी ज्यांच्या नोकरीत मध्ये काही वर्षांचा खंड पडलाय, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

म्हणून पहिलं काम: जाहिरातीसोबत क्षमतांचं जे वर्णन दिलेलं असतं, ते तुमच्या पदाच्या पायरीचं शोधा, छापून घ्या आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघा मारा. 'माहिती वेळेवर पोचवतो', 'मतभेद ऐकून घेतो', 'मदत मागतो'. तुमचा प्रसंग या रेघांना टेकला पाहिजे. मी चाळणीला बसायचे तेव्हा अर्धेअधिक अर्ज इथेच घसरलेले असायचे. प्रसंग छान, पण प्रश्न सहकार्याचा आणि उत्तर एकटीने रात्रभर जागून काम संपवल्याचं.

आता ताजा कलम. हे उत्तर लिहायला घेण्याआधी मी तुम्हाला चार प्रश्न पाठवले होते: हे काम तुमच्याकडे कोणी सोपवलं होतं का? तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत? ते तसंच का केलंत? आणि मिटलं हे कशावरून? तुम्ही 'यात काय लिहिण्यासारखं' असं म्हणत म्हणत जे कळवलंत, त्यातूनच पुढचं उत्तर उभं राहिलं. एकही गोष्ट मी पदरची घातलेली नाही. आकडेसुद्धा तुमच्या वहीच्या मागच्या पानावरचे आहेत.

'जुन्या फायलींची नोंद संगणकावर घेताना आमच्या विभागात एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होत होत्या. नोंदी करणाऱ्या दोन सहकारी नाव लिहिण्याची वेगवेगळी पद्धत वापरत होत्या आणि त्यावरून त्यांच्यात अबोला होता. हे सोडवणं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण फायली शोधून देण्याचं काम माझं असल्याने अडचण रोज माझ्यापाशी येत होती.

मी आधी एका आठवड्यातल्या दुबार नोंदी मोजल्या. 31 निघाल्या, त्यांतल्या 26 नावाच्या क्रमामुळे. हे आकडे घेऊन मी दोघींशी वेगवेगळं बोलले, कारण एकत्र बसवलं असतं तर जुना वाद पुन्हा निघाला असता. एकीचं म्हणणं, कागदावर आहे तसंच लिहावं. दुसरीचं, शोधायला आडनाव सोपं. दोघींचंही बरोबर होतं. म्हणून मी नोंदीत दोन रकाने सुचवले: "कागदावरचं नाव" आणि "शोधण्याचं नाव". वरिष्ठांची परवानगी घेतली, दहा फायलींवर दोघींकडून करून पाहिलं, त्यांनी सुचवलेले दोन बदल केले आणि एका पानाची सूचना लिहून दिली.

पुढच्या तीन आठवड्यांत अशा दुबार नोंदी आठवड्याला 26 वरून 3 वर आल्या. दोघी आता एकमेकींच्या नोंदी तपासून देतात. नव्याने आलेल्या सहकाऱ्यालाही हीच सूचना दिली जाते.'

जुन्या उत्तराशेजारी हे ठेवून बघा. यात एकही विशेषण तुमच्या नावावर नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं की ही बाई आधी मोजते आणि मग बोलते, भांडणात कोणाची बाजू घ्यायची याऐवजी दोघींचं काय बरोबर आहे ते बघते, आणि बदल करण्याआधी वरिष्ठांना विचारते. ते त्याचं त्याला कळू द्यावं.

त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कोणतं, सांगू? 'वेगवेगळं बोलले, कारण एकत्र बसवलं असतं तर जुना वाद पुन्हा निघाला असता.' काय केलं हे बरेच जण लिहितात. का केलं, हे फार थोडे. त्या 'कारण'मध्ये तुमचा विचार दिसतो. 250 शब्दांत असे दोन 'कारण' आले तरी पुरे.

रचनेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाकीचे विचारतील. 'स्टार' हे नाव सगळीकडे ऐकू येतं: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट; म्हणजे परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे, तिची पूजा मात्र मांडू नका. चारही भागांना सारखे शब्द वाटले की उत्तर फसलंच समजा. 250 शब्दांत परिस्थिती आणि जबाबदारी मिळून साठाच्या आत आटपावी, परिणामाला चाळीस-पन्नास, उरलेले सगळे कृतीला. माझा स्वतःचा असा पहिला अर्ज बाद झाला होता, तेव्हा मी निम्मी जागा खात्याचा इतिहास सांगण्यात घालवली होती. नोकरी खात्याला नाही, मला हवी होती!

परिणामाला आकडा असला तर उत्तम. नसला तर काय बंद झालं ते लिहा: तक्रारी यायच्या थांबल्या, दुसऱ्यांदा विचारायला कोणी आलं नाही. प्रसंग पूर्ण यशस्वी नसला तरी बिघडत नाही, फक्त त्यातून तुम्ही पुढच्या वेळी काय बदललं ते हवं. 'यातून खूप शिकायला मिळालं' हे वाक्य मात्र खोडा. काय शिकलात?

आता तुमच्यापुढचे ते तीन रस्ते.

मैत्रिणीची उत्तरं जरूर मागा, आणि वाचा. तिने 'मी' कुठे वापरलाय, किती तपशिलात शिरली आहे, ते कळेल. पण तपशील बदलून तीच पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीवर आपली सही करणं. नैतिकतेचं राहू द्या, व्यवहारातलं सांगते. मुलाखतीत याच प्रसंगावर उकरून विचारतात: दुसरा काय पर्याय होता? समोरच्याने नकार दिला असता तर? तुम्ही जगलेल्या प्रसंगाचं उत्तर तुमच्याकडे तयार असतं. मैत्रिणीच्या प्रसंगाचं तिच्याकडे असतं.

एआयचंही तसंच. ब्रिटनच्या जाहिरातींत आता स्पष्ट लिहितात की एआयची मदत घ्यायला हरकत नाही, पण उदाहरणं खरी आणि स्वतःच्या अनुभवातलीच हवीत. दुसऱ्याची किंवा यंत्राने रचलेली आपली म्हणून दिल्याचं आढळलं तर अर्ज रद्द होऊ शकतो. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो, तेव्हा तुमच्या जाहिरातीतली ती ओळ आधी शोधा. परवानगी असेल तर लिहून झालेलं उत्तर दाखवून 'यात मी नेमकं काय केलं ते कुठे कळत नाही?' असं विचारा. नुसतं 'टीमवर्कवर 250 शब्द लिही' म्हणालात, तर तुमच्या त्या जुन्या चार ओळींचीच गुळगुळीत आवृत्ती हातात पडेल. त्याला तुमच्या वहीची मागची पानं माहीत नसतात.

पैसे घेऊन लिहून देणाऱ्यांबद्दल माझं मत सरळ आहे: त्यांनाही आधी तुम्हाला तेच चार प्रश्न विचारावे लागतात. जो न विचारता लिहितो त्याला पैसे देऊ नका, आणि जो विचारतो त्याचे प्रश्न वर छापलेच आहेत.

बारा दिवस पुरेसे आहेत. पहिले तीन दिवस उत्तरं लिहूच नका. रोज रात्री मागच्या दोन-तीन वर्षांतले प्रसंग आठवून एकेका ओळीत टिपा: काय अडलं होतं, मी काय केलं. जुन्या मेल, वह्या, कॅलेंडर चाळा. ऑफिसातल्या एखादीला विचारा, 'माझ्यामुळे तुझं कुठलं काम सोपं झालं?' आपल्याला क्षुल्लक वाटतं ते दुसऱ्याच्या लक्षात असतं. दहा-बारा ओळी जमल्या की अर्जातल्या चार प्रश्नांना चार वेगळे प्रसंग लावा. तुमचा हा नोंदींचा प्रसंग सहकार्याच्या प्रश्नालाही बसतो आणि पद्धत सुधारण्याच्या प्रश्नालाही. पण दोन्हीकडे तोच दिलात तर वाचणाऱ्याला वाटेल, नऊ वर्षांत हिने एवढंच केलं. मी तो सहकार्याला ठेवला असता, कारण त्यात माणसं आहेत.

मग प्रत्येक प्रसंग आधी तोंडी सांगा. फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा, नाहीतर भाच्याला समोर बसवा. एआयपेक्षा त्याचा तिथे जास्त उपयोग होईल. बोलताना आपण 'करण्यात आले' म्हणत नाही. 'मग मी तिला म्हटलं' असंच म्हणतो. ते उतरवून घ्या आणि मग शब्द कापा. अर्ज मराठीत असो वा दुसऱ्या भाषेत, पहिला खर्डा बोलीतच होऊ द्या.

आणखी थोडं किरकोळ. अर्जदार जास्त आले तर काही ठिकाणी एकाच मुख्य क्षमतेवर पहिली चाळणी लावतात आणि ती कोणती हे जाहिरातीत लिहिलेलं असतं. ते उत्तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळ देऊन लिहा. चार उत्तरं चार वेगळी माणसं वाचत असतील असं धरून चाला, 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहू नका. कॅनडाच्या सरकारी जाहिरातींत तर बजावतात की अनुभव आहे एवढं म्हणून भागणार नाही, कुठे, केव्हा आणि कसा मिळवला ते लिहा. वाचणारा स्वतःहून काही गृहीत धरणार नाही. सहकाऱ्यांची नावं घालू नका, 'एक सहकारी' पुरे. शब्दमर्यादा पाळा. फॉर्मच्या खिडकीत थेट टाइप करू नका, वेगळीकडे लिहून चिकटवा, आणि पाठवलेल्याची प्रत ठेवा. मुलाखतीचा निरोप येतो तेव्हा आपण नेमकं काय लिहिलं होतं, ते कोणालाच आठवत नसतं.

वरचं उत्तर जसंच्या तसं पाठवू नका. आता ते छापून आलंय आणि चाळणीवाल्यांपैकी कोणी हे सदर वाचत असेल. प्रसंग तुमचाच आहे, तुमच्या शब्दांत पुन्हा सांगा. आणि तुमच्या मेलमध्ये जाता जाता लिहिलेलं आणखी एक वाक्य होतं, की जुन्या कपाटांच्या किल्ल्यांना तुम्ही रंगीत दोरे बांधलेत आणि तेव्हापासून कोणी चुकीचं कपाट उघडत नाही. पद्धत सुधारण्याच्या प्रश्नासाठी तिथून सुरुवात करून बघा. दोरे बांधायचं डोक्यात कधी आलं, आणि त्याआधी काय व्हायचं?